साडूची फाईल

रविवारी दुपारी गाठोडेवाल्याने खुर्ची मागे ढकलली, डोळे चोळले आणि स्क्रीनला म्हणाला, "घे, बस बोंबलत."

गाठोडेवाला हे त्याचं घरातलं नाव. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, दुकानातून आल्यावर जावई त्या मशीनपुढे बसून करतात तरी काय? बायको म्हणाली, "गाठोडी बांधतात." तेव्हापासून जे चिकटलं ते चिकटलंच. आणि खोटं तरी काय होतं त्यात? दिवसभर दुकानात लोकांचे बंद पडलेले प्रिंटर उघडायचे आणि घरी आला की हे.

एक सिस्टीम आहे, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली. फुकट मिळते, आतलं सगळं उघडं, कोणीही पाहावं, कोणीही दुरुस्त करावं. पण तिच्यात प्रोग्राम असा सुटा फेकून चालत नाही. नीट पॅकेज बांधावं लागतं, आत काय आहे, कोणी लिहिलंय, कशावर चालतं ते सगळं वर लिहून. त्यातलं एक पॅकेज ह्याच्या गळ्यात होतं. वेब सर्व्हिस बनवायची अवजारपेटी. म्हणजे बघा, एका कॉम्प्युटरने नेटवरून दुसऱ्याला काहीतरी विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, ही देवाणघेवाण ज्या हत्यारांनी जुळवतात, ती हत्यारं. पेटी ह्याने बनवलेली नव्हती. बनवणारे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले. हा नुसता बांधणारा. पण शिव्या यायच्या त्या बांधणाऱ्याला, कारण वर नाव त्याचं. वर्षानुवर्षं, बिनपगारी.

आणि आज संध्याकाळी दार बंद होणार होतं. सिस्टीमची नवी आवृत्ती निघायची होती. संध्याकाळपर्यंत ज्याचं पॅकेज आत, ते आत. राहिलं ते बाहेर, मग पेटी गेलीच. बायको ज्या लॅबमध्ये काउंटरला बसायची, तिथले रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जायचे ते ह्याच पेटीच्या जिवावर.

"काय झालं हो?" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता आत आली.

"बांधलं जात नाहीये."

"इतकी वर्षं जातंय ते?"

"इतकी वर्षं मी इथे बांधून तयार गाठोडं पाठवत होतो. आता नवा नियम. तयार घेत नाहीत. कच्चा माल द्यायचा, ते त्यांच्या कोऱ्या मशीनवर बांधून बघतात. तिथे अडतंय. म्हणे एक फाईल सापडत नाही."

"मग द्या की ती फाईल."

तो गप्प बसला. बायकोने हातातली घडी तशीच धरली. नवरा असा गप्प बसला की गोष्ट मशीनची नसते, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं.

"कोणाची फाईल आहे?"

"तुझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची."

ती पलंगाच्या काठावर बसलीच.

गाठोडेवाला आणि त्याचा साडू हे साडू नंतर झाले, आधी दोस्त. एकाच कंपनीत, एकाच टेबलाला. एकाने थोरली केली, दुसऱ्याने धाकटी, आणि पेटी दोघांनी मिळून बांधायला घेतली. मग साडूला मोठ्या पगाराची नोकरी लागली आणि तो म्हणाला, आता मला वेळ नाही. झालं. सासूबाईंच्या हॉलमध्ये, सगळी भरलेली ताटं समोर असताना, गाठोडेवाल्याने आवाज चढवला. "तुझी एक ओळसुद्धा ठेवणार नाही मी पेटीत!" साडू शांतपणे म्हणाला, "नको ठेवूस." तेव्हापासून दोघी बहिणी माहेरी जायच्या त्या पाळ्या लावून.

आणि गाठोडेवाल्याने बोलल्याप्रमाणे केलं बरं का. साडूची ओळ न् ओळ वेचून काढली, स्वतःची घातली. पेटी चालली. छाती फुगवून तो सगळ्यांना सांगायचा, बघा, कोणावाचून काही अडत नाही.

चालायला काय झालं? पॅकेजमधून साडू गेला होता, पण ह्याच्या मशीनच्या एका कोपऱ्यात त्याची एक फाईल तशीच पडलेली होती. ह्याने दोनदा मशीन बदललं, तर घर बदलताना माळ्यावरचं खोकं न उघडता नव्या माळ्यावर टाकतात ना, तशी ती फाईलही बरोबर आली. आणि पेटी बांधताना ती मुकाट्याने उचलली जायची आणि गाठोड्यात जाऊन बसायची. कोऱ्या मशीनवर कुठला आलाय कोपरा? तिथे सोंग उघडं पडलं.

"मग आता आहे ना सापडली? टाका आत," बायको म्हणाली.

"तसं चालत नाही. ज्याने लिहिली त्याची लेखी परवानगी लागते. आणि वर काय लिहून ठेवलंय त्या शहाण्याने, बघ."

बायकोने वाकून वाचलं. फाईलच्या डोक्यावर साडूचं नाव आणि खाली: हात लावशील तर याद राख.

तिला हसू आवरेना. "ह्याला परवानगी म्हणत नाहीत वाटतं?"

"दारावरच्या बाई म्हणतात, नाही." दारावरच्या बाई म्हणजे दूर कुठेतरी बसून आत येणारं प्रत्येक पॅकेज तपासणारी एक अनोळखी बाई. तिचा निरोप कोरडा ठणठणीत होता: ही फाईल कोणाची? त्याची हरकत नाही असं त्याच्याकडून लेखी येऊ दे. नाहीतर राहू दे.

"तुम्ही स्वतःच लिहा नवी."

"सकाळपासून तेच करतोय." त्याने मान टाकली. "एकेक ओळ म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरच्या एकेका खोडीला दिलेलं उत्तर आहे. महिने घालवले होते त्याने. एका दुपारीत होण्यातलं नाही ते. राहू दे. दमलो मी. जाऊ दे बाहेर."

खरंच दमला होता. रागाने म्हणाला असता तर बायकोने सोडून दिलं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, आजारी माणूस अन्न नको म्हणतो तसा. तिने उठून स्वतःचा फोन काढला, बहिणीचा नंबर लावला आणि नवऱ्याच्या कानाला लावून दिला.

"अगं, काय करतेस?" तो कुजबुजेपर्यंत पलीकडून धाकटीचा आवाज आला. "बोल ताई."

"ताई नाही. मी आहे."

"भाऊजी?" धाकटी घाबरली. "ताईला काय झालं?"

"ताई ठणठणीत आहे. तो... तो आहे का घरात?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज, मग कुजबुज. मग साडू. "बोल."

"तुझी एक फाईल आहे माझ्याकडे."

"कुठली?"

"ती जोडणीची. वर दम दिलायस ती."

"ती काढलीस ना तू? एक ओळ ठेवणार नव्हतास."

"राहिली. चुकून राहिली. इतकी वर्षं तिच्यावरच चाललंय. मला आज कळलं."

साडू हसला नाही. गाठोडेवाल्याला वाटलं होतं हसेल, आणि हसला की फोन ठेवायचा असं त्याने ठरवूनही ठेवलं होतं. साडू म्हणाला, "अरे, मग तिच्यात ती चूक असेल अजून. पलीकडून रिकामं उत्तर आलं की ती लटकते."

गाठोडेवाला उठून उभा राहिला. "काय म्हणालास?"

"रिकामं उत्तर आलं की वाट बघत बसते. कायमची."

"अरे देवा! अरे, त्याच्याच तक्रारी येतायत मला! जगभरातून! सगळी पेटी उसवून बघितली मी, एकदा नाही, दहादा! माझे केस गेले त्यात!"

"मी केव्हाच दुरुस्त केलंय ते. ऑफिसात माझ्या कामाला वापरतो, माझ्या प्रतीत आहे."

"मग सांगायचं नाही?"

"कोणाला सांगू? मला वाटलं तू फाईल काढलीस. तू फोन घेणार होतास का माझा?"

गाठोडेवाला परत खुर्चीत टेकला. बायको दारात उभी राहून नखं खात होती.

"आवाज का असा येतोय तुझा?" साडूने विचारलं.

"दमलोय."

"एकटाच बांधतोस अजून?"

"मग कोण येणार?"

"हं," साडू म्हणाला. "तुझा पत्ता पाठव. मेलचा. माझ्याकडचा मी पुसला होता."

थोड्या वेळाने मेल आली. एक ओळ परवानगीची: फाईल माझी, कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी. सोबत दुरुस्त केलेली फाईल. दमाची ओळ मात्र तशीच ठेवलेली. गाठोडेवाल्याने ती पुसली नाही. बांधणाऱ्याच्या जागी स्वतःच्या नावाखाली त्याने साडूचं नाव टाकलं, विचारलं नाही कोणाला, आणि कच्चा माल पाठवून दिला.

कोऱ्या मशीनने बराच वेळ घेतला. उन्हं फरशीवरून भिंतीवर चढली. बायकोने चहा ठेवला, तो गार झाला. मग दारावरच्या बाईंचा निरोप आला: घेतलं.

एवढंच. आनंदाने ओरडावं तर तेवढं त्राण नव्हतं. त्याने गार चहा एका घोटात संपवला. तोवर दुसरी मेल टपकली. कुठल्याशा गावातल्या कुठल्याशा माणसाची तक्रार, नव्या गाठोड्यातलं अमुक चालत नाही, बांधणाऱ्याने डोळे उघडे ठेवून काम करावं.

गाठोडेवाल्याने ती दोनदा वाचली. मग साडूच्या पत्त्यावर ढकलली, मशीन बंद केलं आणि घड्या घातलेल्या कपड्यांच्या बाजूला पलंगावर आडवा झाला.

पाचच मिनिटांत फोन थरथरायला लागला.

"तुमचा वाजतोय हो," बायको म्हणाली. "कोणाचा आहे?"

"साडूचा." त्याने डोळे उघडले नाहीत. "ओरडायला केला असणार."

"उचला की मग!"

"ओरडू दे की जरा. इतकी वर्षं मी एकट्यानेच ओरडलोय." आणि कूस बदलून त्याने उशी ओढून घेतली. "तू उचल. आणि सांग, पुढच्या रविवारी दोघं जेवायला या म्हणावं. मला उठवू नकोस."

बायकोने फोन उचलला तेव्हा तो घोरायला लागला होता.