कोरी गादी

मी एक जुनी गादी आहे. जुनी, पण कोरी. मित्रांनो, तुम्हाला यात वावगे काही वाटणार नाही. कोरी वस्तू घरात जपून ठेवतात, पाहुण्यांसाठी राखतात, तिचे कौतुक करतात. पण गादी कोरी राहिली याचा अर्थ एकच होतो, आणि तो सांगताना मला आजही चीड येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबट, अरुंद, एका माणसापुरती असे मला मुद्दाम बेतले होते, कारण मला ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीवर राहायचे होते. मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घातला, माझ्यावर हात दाबला आणि शेजारणीला म्हणाली, "हिच्यावर पडला की माणूस गाढ झोपणार बघ." एवढी स्तुती माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही. मग मला जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका नव्या ट्रकमध्ये ठेवले.

त्या ट्रकचा ड्रायव्हर अंगाने काडी होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पहिल्याच दिवशी त्याने मला बोटाने दाबून पाहिले, स्वतःशीच हसला आणि चावीच्या टोकाने प्लॅस्टिक फाडू लागला. तेवढ्यात खालून साहेब ओरडले. साहेब म्हणजे मालकाचा उजवा हात. कोणती गाडी कधी सुटणार आणि कधी पोहोचणार हे तेच ठरवत.

"ए पैलवान! प्लॅस्टिक फाडायचं नाही. गाडी विकताना गादी कोरी दिसली पाहिजे."

"मग साहेब, झोपायचं कशावर?"

"झोपायला गाडी दिलीय का तुला?"

आसपासची माणसे हसली. पैलवानही हसला. करतो काय बिचारा! त्याच दुपारी मागे न मावलेले साबणाचे खोके माझ्यावर रचले गेले आणि तेव्हापासून तीच माझी पाहुणेमंडळी झाली.

मित्रांनो, कायद्याने ड्रायव्हरला ठरावीक तासांनंतर गाडी थांबवून विश्रांती घ्यावीच लागते. त्यासाठी गाडीत एक पेटी बसवलेली असते. चाके फिरत असली की ती 'चालू' असे टिपते, थांबली की 'विश्रांती'. ही पेटी कोणाची भीड ठेवत नाही. पण साहेबांनी तिच्यावर तोडगा काढला होता, तो म्हणजे एक लोहचुंबक. तो गिअरबॉक्सच्या एका जागी चिकटवला की चाके फिरलेली पेटीला कळतच नसत. ट्रक भरधाव धावत असे आणि पेटी टिपत असे, ड्रायव्हर विश्रांती घेतो आहे. म्हणजे माझ्यावर झोपला आहे! माझ्यावर साबण झोपला होता.

पैलवानाने एकदा चुंबक लावायला नकार दिला. साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "ठीक आहे, चावी ठेव. बाहेर रांग लागलीय," एवढेच म्हणाले. पैलवानाला महिन्याचा पगार नव्हता. खेप केली तर मजुरी, आणि तीही इतकी तुटपुंजी की एका खेपेला दुसरी जोडल्याशिवाय घरभाडे निघत नसे. तो मुकाट्याने गाडीखाली गेला आणि चुंबक लावून वर आला.

घरून मुलीचा फोन येई.

"बाबा, झोपलात का नीट?"

"झोपलो तर! झोपून झोपून गादीला खड्डा पडलाय बघ."

"मला बसायचंय त्या खड्ड्यात!"

"बस की. येताना घेऊनच येतो गादी."

हे बोलताना त्याचा एक हात स्टिअरिंगवर असे आणि दुसऱ्या हाताने तो ओला रुमाल डोळ्यांवरून फिरवत असे. समोरच्या आरशात मला त्याचे लाल डोळे दिसत. तो मांडीवर चापट्या मारी, बेसूर गाणी म्हणे, खिडकीतून डोके बाहेर काढी. मी त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर होते. हातभर! इतक्या जवळ असून मी त्याच्या काही उपयोगी पडले नाही.

एका दुपारी, लख्ख उन्हात, सरळसोट मोकळ्या रस्त्यावर आरशातले ते डोळे मिटले. ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला. सुदैवाने पुलावर दुसरे कोणी नव्हते. पैलवान वाचला, पण त्याची पाठ कायमची गेली. आणि त्या क्षणी पेटीने टिपले होते, 'विश्रांती'.

तपासाला आलेल्या अधिकाऱ्याला चुंबक लगेच सापडला. साहेबांनी कपाळाला हात लावला. "हा त्याचाच उद्योग. आम्ही तर सगळ्यांना सांगतो, बाबांनो, झोपा वेळेवर." हुकूम तोंडी दिलेले, त्यामुळे कानावर हात ठेवणे सोपे होते. पैलवानाचा परवाना गेला आणि भरपाईही अडकली. बाकीचे ड्रायव्हर खाली मान घालून उभे राहिले, कारण प्रत्येकाची चूल याच यार्डावर पेटत होती.

पैलवानाची बायको यार्डात ओढून आणलेल्या मोडक्या केबिनमधले त्याचे कपडे न्यायला आली. मला पाहून पहारेकऱ्याला म्हणाली, "ही नेऊ का? त्यांच्या पाठीला बरी पडेल." गाडी भंगारात जाणारच होती, म्हणून त्याने मला नेऊ दिले.

घरी तिने कात्री आणली. मुलगी माझ्याभोवती फिरून फिरून शोधत होती.

"बाबा, हिला खड्डा कुठाय?"

पैलवानाने भिंतीकडे तोंड फिरवले. बायकोने माझ्यावरून हात फिरवला, पैलवानाकडे पाहिले आणि कात्री खाली ठेवली.

"यार्डात पाहिलं मी, शेजारच्या गाडीतली गादी पण अशीच कोरी होती," ती हळू म्हणाली. "पलीकडच्या गाडीतलीसुद्धा. सगळ्यांनी एकदमच झोपणं सोडलं होय?"

ती तडक त्या अधिकाऱ्याकडे गेली. सगळ्या केबिन उघडून बघतो, असे तो म्हणाला. पण ही बातमी त्याच्याआधी यार्डात पोहोचली. नंतर शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर भेटायला आला, तो दारातच घुटमळला.

"वहिनी, साहेबांनी सगळ्या गाद्यांची प्लॅस्टिकं फाडली. हमालांना बुटांसकट वर नाचवलं. आता एकेक गादी अशी दिसते, जसा काही कुंभकर्ण झोपून गेलाय."

"आणि तुमच्या गाडीतली?"

"ती... तिचं प्लॅस्टिक मीच फाडलं, वहिनी."

तिने त्याला पाणी दिले. तो गेल्यावर तिने पैलवानाच्या चावीने पडलेल्या त्या जुन्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि मला भिंतीशी उभे केले. "प्लॅस्टिक फाडायचं नाही," ती म्हणाली. "आता हाच आपला पुरावा." शब्द साहेबांचेच होते.

परवान्याची आणि भरपाईची सुनावणी पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. पैलवान माझ्यासमोर जमिनीवर पातळ चटईवर पडलेला असतो. डुलकी लागली की त्याचा पाय ब्रेक दाबल्यासारखा झटकन हलतो आणि तो दचकून जागा होतो. एकदा त्याचे कण्हणे ऐकवेना, तेव्हा बायकोने पुन्हा कात्री उचलली.

"नको गं," तो म्हणाला. "प्लॅस्टिक फाडलंस तर मी खोटारडा ठरेन."

तिने कात्री ठेवून दिली.

मित्रांनो, तुमच्या वह्या, औषधे, खेळणी कोणीतरी गाडीतून आणतो. ती एक दिवस उशिरा आली तर आदळआपट करू नका. रस्त्याकडेला ट्रक उभा दिसला आणि आत माणूस झोपलेला असला, तर काच ठोठावू नका, त्याला झोपू द्या. जगातल्या सगळ्या वस्तूंना कोरे राहावेसे वाटत असेल. मला मात्र मळायचे आहे, चुरगळायचे आहे. फोनवर त्या मुलीला सांगितलेला खड्डा एकदा तरी माझ्यात पडू दे.