दोन बोटांची जागा

या हो, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट सांगते, पण ती ओरडून सांगण्यासारखी नाही. माझ्या धाकट्या मावशीची आहे. आणि तिचं अजून काही ठरलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर शेवटी मला धराल.

मावशी कपडे शिवते. बावीस वर्षांपूर्वी लग्नाला आठ दिवस उरले असताना नवऱ्या मुलाने चिठ्ठी पाठवून नकार कळवला. लग्नाचा पोशाख तिने स्वतः शिवून खुंटीला लावला होता. तो उसवून तिने उशांचे अभ्रे केले आणि देवाला म्हणाली, "अंतःकरण जप असं तूच सांगितलंस ना? आता बघ कशी जपते." आणि जपलं हो! काचेचं भांडंही कोणी इतकं जपत नाही.

गेल्या रविवारी सुतारदादांनी उपासनेनंतर चर्चच्या दारातच तिला विचारलं, "बाई, राहिलेली वाट दोघांनी मिळून चालायची का?" बायको जाऊन सहा वर्षं झालीत त्यांना. मनुष्य सरळ, रंधा मारल्यासारखा.

"पुढच्या रविवारी सांगते," मावशी म्हणाली, आणि घरी येऊन पडदा उलटा शिवून बसली.

सोमवारी सुतारदादाच कोट शिवायला कापड घेऊन आले. आता मावशीची पद्धत अशी, की छातीचं माप घेताना टेपखाली स्वतःची दोन बोटं घालायची. "माणसाला श्वास घ्यायला जागा नको?" म्हणते. पण सुतारदादांना तिने उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "जुना कोट ठेवून जा. त्यावरून बेतते."

बुधवारी ती पाळकसाहेबांकडे गेली. "मन जपू की सोडू?"

"जपायचं तर आहेच. पण पहारा कोणाचा, तुमचा की देवाचा?"

"म्हणजे हो म्हणू?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग नाही?"

"तेही नाही म्हटलं."

"गेले होते गाठ सोडवायला," मावशी घरी येऊन म्हणाली, "आणखी दोन मारून आले."

काल शनिवारी सुतारदादांनी कोट अंगात घातला. गुंड्या एकीकडे, काजं दुसरीकडे, मध्ये चार बोटं अंतर!

"बाई, तो जुना कोट बायको होती तेव्हाचा. आता रांधतो मी, आणि उरलेलं संपवतोही मीच."

"मग सांगायचं नाही?"

"माप घेतलं असतंत तर टेपनेच सांगितलं असतं."

मला हसू फुटलं. मावशीने माझ्याकडे असं बघितलं, की मी सुई शोधायला लागले.

मग ती म्हणाली, "हात वर करा." टेप छातीभोवती फिरवली आणि खाली दोन बोटं घातली. बराच वेळ तशीच उभी राहिली. आकडा वहीत लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला.

ते गेल्यावर म्हणाली, "त्यांचंही काळीज धडधडत होतं गं. मला वाटायचं, भीती काय ती माझ्याच वाट्याला आली."

"मग ठरलं?"

"कुठे ठरतंय! माझं मन मलाच कळत नाही, आणि बावीस वर्षं मी त्याची राखण करतेय."

मी माझ्या सवयीने एक ओळ गुणगुणले, "राखणारा जागा आहे, मी का जागू दारी?" एरवी ती सूर धरते. काल धरला नाही. मशीनशेजारी गुडघे टेकून म्हणाली, "प्रभू, पहाऱ्यावर मीच बसले, तुला जागाच दिली नाही. आता दमले. तोंडून हो निघो की नाही, सांभाळ तू." उठली तेव्हाही चेहरा गोंधळलेलाच होता. पण दार तिने उघडंच ठेवलं.

आज रविवार. आता थोड्या वेळात उपासना सुरू होईल, आणि ती सुटली की सुतारदादा दारात उभे असतील. ती काय बोलेल ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही. तुम्ही गुडघे टेकाल तेव्हा तिची आठवण असू द्या. नाव नाही घेतलंत तरी चालेल. "ती कपडे शिवणारी" एवढं म्हणा. तो ओळखतो तिला.