चालू

वसंताने पेजेचा आणखी एक चमचा पुढे केला, तशी त्याच्या आईने, सगुणाबाईंनी, मान फिरवली. पेज हनुवटीवरून लुगड्यावर सांडली.

“आता तूच बघ, अक्का,” वसंता बहिणीला म्हणाला. “तोंडानं ‘चालू, चालू’ म्हणून राह्यली आन् घास दिला की थुकून देती.”

सत्यशीला नुकतीच अंबडहून आली होती. खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती खाली बसली. अर्धांगाच्या झटक्यानंतर दवाखान्यात मुकी झालेली आई आठवडाभरापासून बोलू लागली होती, पण नुसतं माहेरचं, निजामाबादकडचं तेलुगू. जालन्यात शिकलेलं मराठी गेलं ते गेलंच. आणि तेलुगूत ‘चालू’ म्हणजे पुरे. पोट भरलेल्या बाईच्या तोंडात लेक आठवडाभर घास कोंबत होता, तेही मायेने.

त्याला तेलुगू येत नव्हतं, ही करणी सत्यशीलाचीच. एक्क्याऐंशी साली ती पहिलीत गेली. शाळेत खाऊची सुकडी वाटताना ती ‘चालू, चालू’ म्हणत राहिली आणि बाई वाढत राहिल्या. फ्रॉकवर सुकडी सांडली, वर्ग खदखदून हसला आणि चौथीपर्यंत तिचं नावच ‘चालू’ पडलं. चालू पोरगी कशाला म्हणतात हेही तिला लवकरच कळलं. वसंता तेव्हा पाळण्यात होता. याला कोणी हसायचं नाही, असं या सहा वर्षांच्या शहाणीने ठरवून टाकलं. दोरी ओढताना ती त्याच्याशी मराठीच बोलायची. आई तेलुगूत काही म्हणाली की तो बहिणीकडे बघायचा आणि ही मराठीत सांगून मोकळी व्हायची. वडील दिवसभर कापडदुकानात असायचे. शेवटी आईच लेकाकडून मराठी शिकली, त्याच्या बोबड्या उच्चारांसकट. एकाच बाईला सत्यशीला अम्मा म्हणायची आणि वसंता माय.

सत्यशीलाने ‘चालू’चा अर्थ सांगितला. वसंताने चमचा वाटीत ठेवला.

“म्हंजे ती बास म्हणत होती,” तो म्हणाला. “मला काहून शिकवलं न्हाई तू?”

“तुला कुणी हसू नये म्हणून.”

“हा एक शब्द झाला. बाकीचे? तू तर उद्या चालली.”

वडील गेलेले, आईचं मराठी गेलेलं; आता घरात दोन्ही भाषा येणारी ती एकटीच उरली होती, आणि तिची नोकरी, तिचा संसार अंबडला. तिला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी वसंता पुन्हा वाटी घेऊन बसला. तीन-चार चमच्यांनंतर थांबून त्याने विचारलं, “चालू?”

सगुणाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “इंकोंचेम.”

सवयीने वसंताची मान बहिणीकडे वळली. ‘अजून थोडं’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती खाली मान घालून पिशवी भरत राहिली.

वसंता क्षणभर थांबला आणि त्याने आईकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं होतं. त्याने चमचा भरला.