गिलाव्याची दोन बोटं

शाळेच्या टेनिस संघात काडीची निवड झाली, कारण मुली आठ हव्या होत्या आणि अर्जही आठच आले होते. एवढ्या चुरशीतून आल्यावर तिचा आत्मविश्वास काय वर्णावा! सर्व्हिस मारली की चेंडू नेटमध्ये, नाहीतर शेजारच्या कोर्टवर.

"पाहुणचार पुरे," सर म्हणाले. "पंधरा दिवसांनी, शनिवारी दहा सर्व्हिस. पाच आत पडल्या तर संघात राहशील. नाहीतर वर्षभर चेंडू गोळा कर. त्यात तुझा हात बसलाच आहे."

बाबा गवंडी. टेनिसमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे शिकवायला काहीच अडचण आली नाही. शाळेत जाऊन त्यांनी नेटची उंची मोजली, तीही कडेच्या खांबाशी. मग घरामागच्या भिंतीवर पाणसळ लावून निळी रेघ ओढली आणि गिलाव्यासाठी म्हणून ती दोन बोटं वरच ठेवली.

"बाबा, नेटला गिलावा करतात?"

"काम कमी पडू नये, बाळा. तू मार."

काडीने रोज मारलं. शेजारच्या काकू खिडकीतून दाद देत होत्याच. "अगं, भिंत पाडायचीय तर बापाला सांग की, लवकर होईल!" आठवड्याभरात चेंडू रेघेच्या वर आदळू लागला. काकूंनी खिडकी लावून घेतली.

शनिवारी पहिल्या तीन सर्व्हिस ऐटीत नेटवरून गेल्या आणि सर्व्हिसच्या चौकोनापलीकडे पडल्या.

"वा!" सर म्हणाले. "आधी नेटमध्ये, आता रेषेबाहेर. प्रगती आहे."

काडीने नेटकडे नीट पाहिलं. मधोमध ते घरच्या रेघेपेक्षा चांगलं वीतभर खाली होतं. तिला बाबांचा राग यायला हवा होता, पण हसूच आलं. एवढंसं नेट! ती जरा खाली मारू लागली. चौथी आत, पाचवी आत, सहावीही आत. सातवी नेटमध्ये. आठवी आत. नववी रेषेला चाटून गेली, सरांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"पाच झाल्या. जा."

"एक राहिलीय, सर."

दहावी तिने जीव खाऊन मारली. चेंडू नेटवर असा आदळला की खांब हलले.

"गेली," काडी म्हणाली.

"गेली. पण सर्व्हिस तेवढी एकच होती, बाकीच्या नऊ तू टपालाने पाठवल्यास." सरांनी वहीत नाव लिहिलं. "सोमवारी सकाळी सहाला. उशीर केलास तर बघ."