गौरजाचे दात

“रात्री हिला झोपवतं कोण?”

डॉक्टर प्राजक्ताने हे विचारलं तेव्हा तिच्या हातातला छोटा आरसा अजून गौरजाच्या तोंडातच होता. संचिताने नुसती मान वळवून सासूकडे पाहिलं.

“मी निजवतंय,” तुळसा म्हणाली. “कित्याक?”

“झोपताना बाटली देता?”

“दूध दितंय. वीख दिणय नाय.”

“साखर घालून?”

“साखरेशिवाय पोर दूध पिता?”

डॉक्टरने आरसा ट्रेमध्ये ठेवला. गौरजा साडेतीन वर्षांची होती. तिचे वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी पडून पोखरले होते आणि एकाचा कोपरा तुटून गेला होता. हल्ली ती जेवताना घास गालात धरून रडायची, म्हणून तिला देवबागहून मालवणला या दवाखान्यात आणलं होतं.

“आजी, दात किडले ते त्या बाटलीने. मूल झोपलं की तोंडातली लाळ कमी होते आणि गोड दूध रात्रभर दातांवर बसून राहतं.”

“माझ्या झिलाक असोच वाढवलंय,” तुळसा म्हणाली.

हे खोटं होतं. तिचा मुलगा सर्वेश लहान असताना घरात दूध यायचंच कुठे? तो उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढला. रडायला लागला की ती त्याला पेजेच्या वरचं पाणी पाजायची आणि शेजारच्या घरातल्या दुधाचा वास येऊ नये म्हणून मागचं दार लावून घ्यायची. पुढे घराला दोन खोल्या काढल्या, पर्यटक यायला लागले, तुळसाच्या हातच्या वडे-सागोतीचं नाव झालं. मग नात झाली. सहा महिन्यांची गौरजा तिच्या पदरात टाकून संचिता पतपेढीतल्या नोकरीवर परत गेली, त्या दिवसापासून तुळसाने दुधात साखर घालताना कधी हात आखडला नव्हता.

“किडलेल्या दातांवर चांदी आणि फ्लोराईडचं औषध लावते,” डॉक्टर आता फक्त संचिताशी बोलत होती. “कीड थांबेल. पण किडलेला भाग काळा पडेल आणि हे दात पडेपर्यंत काळाच राहील. बाकीच्या दातांना फ्लोराईडचा लेप, तो दर तीन महिन्यांनी.”

“काळे?” तुळसा उठून उभी राहिली. “चेडवाचे दात काळे करतास?”

“लावा,” संचिता म्हणाली.

“सर्वेशाक तरी इचार.”

“मी आई आहे तिची. लावा, डॉक्टर.”

आत शुद्ध बोलणारी संचिता पायऱ्या उतरताच मालवणीवर आली. “किती वेळा सांगलंय तुमका, बाटली बंद करा? किती वेळा?”

“तू नोकरीक जातंस. रडणाऱ्या पोराक कोण बघता? तुझी पतपेढी?”

घरी पोचल्यावर संचिताने सगळ्या बाटल्या गोळा केल्या, ओटीवर बसली आणि सासूच्या समोर एकेक निपल कात्रीने कापून टाकलं. तुळसा खांबाला टेकून बघत राहिली. संध्याकाळी बोट किनाऱ्याला लावून सर्वेश आला. त्याने लेकीचे दात पाहिले, बायकोचं ऐकून घेतलं आणि आईकडे न बघता म्हणाला, “आये, आता तू ह्येच्यात पडू नको.”

“जेवाण मी करूचा, भांडी मी घासूची, पावण्यांका मी वाढूचा. आणि ह्येच्यात तेवढा पडूचा नाय?”

गौरजा त्या दिवसापासून आईच्या खोलीत झोपायला लागली. पण तुळसाला खरा घाव बसला तो पुढच्या सोमवारी. संचिताने लेकीला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि मालवणातल्या एका पाळणाघरात नेऊन ठेवलं. घरात धडधाकट आजी असताना पोर पाळणाघरात! वाडीत सगळ्यांना ते कळलं. तुळसाला तर ते रोज सकाळी स्कूटर सुरू झाली की नव्याने कळायचं.

दोघी एका घरात राहायच्या आणि भिंतीशी बोलल्यासारख्या बोलायच्या. “मीठ संपला.” “गॅस इलो.” संचिता स्वतःच्या लेकीचा डबा स्वतः भरायची, सासूने केलेल्या शिऱ्याला हातसुद्धा लावायची नाही. तुळसाही हट्टाने शिरा करायची आणि दुपारी एकटीच खायची.

एका रविवारी शेजारची जानकी कढीपत्ता न्यायला आली. गौरजा घरापुढच्या खळ्यात खेळत होती. ती जानकीकडे बघून हसली.

“अगो बाय माझे, तोंड मिट!” जानकी म्हणाली. “डांबर खाल्लंस काय?”

गौरजाने तळहात तोंडावर ठेवला.

“कोणी केल्यान गो तुळसा ह्या? त्या दाक्तरणीन? काय तुझ्या सुनेन?”

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तुळसा किती दिवस वाट बघत होती. उत्तर जिभेवर तयार होतं. सून कशी कोणाला न विचारता दात काळे करून आली, ते तिचं मनातल्या मनात कितीदा सांगून झालं होतं. आता ऐकणारीही भेटली होती, आणि तीही सगळ्या वाडीला जाऊन सांगणारी. पण नात तोंडावरचा हात काढत नव्हती.

“मी केलंय,” तुळसा म्हणाली.

“काय?”

“माझ्या साखरेन कुजले. काळा दिसता ता औषध आसा. आणि परत माझ्या नातीक हसलंस तर ह्या खळ्यात पाय ठेवू नको. कढीपत्तो ठेव थंय आणि चल.”

जानकी कढीपत्ता तिथेच टाकून गेली. संचिता आत मिक्सर लावून बसली होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नाही. तुळसानेही ते तिला सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी लेपासाठी संचिता एकटीच लेकीला घेऊन गेली आणि तशीच परत आली. गौरजाने तोंडच उघडलं नव्हतं. डॉक्टरला लाथा मारल्या, ओकली, सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. संध्याकाळी संचिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तुळसा नारळ खवत होती.

“उद्या तुमका येवक होया.”

“कित्याक? माझो काय संबंध?”

“ती तोंड उघडणा नाय. डॉक्टर म्हणता, जिच्या मांडयेर गप बसता तिका घेवन येवा.”

“मगे पाळणाघरातल्या बायेक ने.”

संचिताचा चेहरा लाल झाला. “पाया पडूचा काय मी तुमच्या?”

“नको. किती वाजता जावचा ता सांग.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने तुळसाला आपल्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. गौरजाचं अंग आजीच्या मांडीवर आणि डोकं डॉक्टरच्या. पोरीने ब्रश पाहिला मात्र, आजीचा हात ओढून घेतला आणि तिचं बोट कचकन चावलं.

“सोड बाळा, आजीला दुखतंय,” डॉक्टर म्हणाली.

“ऱ्हवांदे,” तुळसा म्हणाली. “तोंड उघडा ऱ्हवला ना? तुमी तुमचा काम करा.”

एका बाजूने डॉक्टर लेप लावत गेली. दुसऱ्या बाजूने गौरजा बोट चावत, नाकातून रडत राहिली. तुळसा भिंतीकडे बघत होती. तिने हात जरासुद्धा हलवला नाही.

“झालं!” डॉक्टर म्हणाली. मग संचिताला म्हणाली, “कीड थांबली आहे. काळा भाग टणक झालाय आणि नवा एकही दात किडलेला नाही. आजी, बोटाला काही लावून देऊ?”

“नको.”

बाहेर आल्यावर संचिताने लेकीला स्कूटरवर पुढे उभं केलं. “माका हिका पाळणाघरात सोडून कामार जावचा आसा. तुमी एसटीन जावा.”

“जातंय.”

संचिताची नजर खाली गेली. “रक्त इला बोटाक.”

“जोर आसा दातांत,” तुळसा म्हणाली.

संचिताने गाडी सुरू केली. गौरजा रडणं विसरून गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड बघत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

स्टँडवर देवबागची गाडी लागलेली होती. तुळसा खिडकीशी बसली. शेजारी येऊन टेकलेल्या बाईने तिच्या हाताकडे बघून काय लागलं म्हणून विचारलं. तुळसाने बोट पदरात गुंडाळलं, पदर मुठीत धरला आणि बाईला बसायला जागा व्हावी म्हणून थोडी सरकून बसली.