कुंपणाच्या खांबावरचा घास

माझ्या नवऱ्याला संकटांची भारी हौस. फेब्रुवारीत शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात वणवे पेटले आणि गुरुदत्तच्या डोक्यात भूत शिरलं. मॉसन लेक्सचं भाड्याचं घर सोडायचं, ॲडलेडच्या उत्तरेला चार-पाच एकर घ्यायचे, कोंबड्या पाळायच्या, भाजी लावायची, पावसाचं पाणी टाकीत साठवायचं. वीज गेली, रस्ते तुटले, दुकानं रिकामी झाली तरी आपलं आपण निभावायचं. हे कोण बोलतंय, तर दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस, ज्याने आजवर कुंडीतली तुळससुद्धा जगवलेली नाही.

मला मॉसन लेक्स सोडायचं नव्हतं. त्या वर्षी तिथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा नुसता सुळसुळाट होता. एकेका खोलीत तिघं-तिघं राहायची. कुणी अकाउंटिंग शिकायचं, कुणी केस कापायला, आणि सगळ्यांचा डोळा पीआरवर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यावर. सुपरमार्केटमध्ये कांदे निवडताना पाठीमागून "अरे, कोथिंबीर राहिली की!" असं कानावर पडलं, की माझा दिवस सुखाचा जायचा. कोण ती मुलं, मला नावंही ठाऊक नसायची. पण रानात जाऊन राहिले तर एवढंही ऐकू येणार नाही, याचीच मला वणव्यापेक्षा जास्त धास्ती होती.

तरी दर रविवारी मी डबा भरून गाडीत बसायची. गुरू प्रत्येक जागेला गुण द्यायचा. पाणी कसं, आग लागली तर बाहेर पडायला रस्ते किती, हॉस्पिटल किती लांब, शेजारी अडीनडीला धावतील का. व्हर्जिनियाजवळच्या एका जागेला पैकीच्या पैकी मिळाले. पाणी गोडं, रस्ते दोन्ही बाजूंनी डांबरी. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं, आणि हा मान वर करून आभाळाकडे बघत उभा.

"नको," म्हणाला. "इथे काही ओरडतच नाही."

"मी ओरडू का?" मी विचारलं. तो हसला नाही.

पुढच्या दोन्ही चांगल्या जागांचं तेच झालं. मी चिडले, अबोला धरला, पण तो काही सांगेना.

सप्टेंबरात आम्ही गॉलरच्या पुढची एक जागा बघायला गेलो. तिच्याइतकी वाईट जागा मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. टेकडीच्या कुशीत एकच कच्चा रस्ता, तोही तिथेच संपणारा. बोअरचं पाणी खारट. टाकीला भोक. घराला खेटून निलगिरीची झाडं, म्हणजे वणव्याला घरबसल्या आमंत्रण. एजंटलाच लाज वाटली असावी. "टेक युअर टाइम, मेट," म्हणून तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

कुंपणाच्या खांबावर एक कावळा होता. आपल्याकडच्यापेक्षा थोराड, पांढऱ्या डोळ्यांचा. ओरडायचा तोही रडून दमलेल्या पोरासारखा, शेवटी सूर लांबवत.

"ही घेऊ या," गुरू म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? तुझ्याच हिशोबाने ही जागा फेल आहे!"

तो गाडीकडे गेला, डबा उघडून दहीभाताची मूद केली आणि खांबावर नेऊन ठेवली. कावळा उडून झाडावर बसला. गुरू मागे सरकून हात जोडून उभा राहिला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. पितृपंधरवडा चालू होता.

माझे सासरे गेले तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. गुरूने नुकताच इथल्या युनिव्हर्सिटीचा कोर्स संपवून पीआरचा अर्ज टाकला होता. त्या वेळी देश सोडला असता तर परत शिरायला मिळेल याची खात्री नव्हती. तो गेला नाही. एवढं मला माहीत होतं.

"दहाव्याला कावळा शिवत नव्हता, नीला," तो झाडाकडे बघत म्हणाला. "काशीनाथकाकांनी सगळं कबूल करून बघितलं. दादा, वहिनीला सांभाळू, तुझ्या मितालीचं लग्न करू. कावळा ढिम्म. शेवटी काका म्हणाले, गुरू परत येईल. लगेच शिवला."

"तुला कुणी सांगितलं?"

"काकांनीच, फोन करून. खुशीत होते. मी शिफ्टला होतो, सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ढकलत." त्याने जोडलेले हात खाली घेतले. "शब्द मी दिलेला नाही, पण माझ्या नावावर आहे ना? इथे जमीन घ्यायची तर आधी बाबांना सांगायला नको? मी मॉसन लेक्सच्या तळ्यावर ट्राय केलं होतं. सगळं डक्सनीच खाल्लं."

त्या बदकांपुढे कावळ्यांची डाळ शिजत नसे, हे खरं.

"मग आता सांग."

"बाबा," तो म्हणाला, आणि पुढे शब्दच फुटेना. पुन्हा म्हणाला, "बाबा." भातावर माश्या घोंगावायला लागल्या. कावळा फांदीवरून मान वाकडी करून बघत होता, हलत नव्हता.

मला गुरूचा राग आला. इतकी वर्षं हे एकट्याने उरात घेऊन फिरला म्हणून. आणि घरची फार आठवण आली.

मी पुढे झाले. डोक्यावर उन्हाची टोपी होती, ती कपाळावर ओढली. सासऱ्यांसमोर तेवढा पदर पुरे.

"बाबा, मी नीला, तुमची सून. आपली भेट झाली नाही. गुरू परत येणार नाही. काकांनी उगाच कबूल केलं. त्याला यायचं होतं हो, अजूनही रोज यायचं असतं. पण तो येणार नाही, आणि मीही नाही. तेव्हा तुम्हीच येत जा. दरवर्षी, इथे, याच खांबावर. मी पान वाढून ठेवीन."

गुरू रडायला लागला. कावळा फांदीवरून सुटला, खांबावर उतरला, चोचभर भात घेऊन टेकडीपलीकडे गेला.

एजंट गाडीतून उतरून आमच्याकडे आला. गुरूचा चेहरा बघून जरा घुटमळला, मग म्हणाला, "सो, वॉट डू यू थिंक?"

गुरू माझ्याकडे बघायला लागला. पाणी खारट, रस्ता एक, टाकीला भोक, आणि कोसभर परिसरात मराठीचं नाव नाही. पण बाबांना पत्ता मीच देऊन बसले होते.

"वी विल टेक इट," मी म्हटलं.