पहिला कागद देवाचा

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. सध्या छावणी भागातल्या एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये पडून आहे. तक्रार नाही. तक्रार करायला आधी काहीतरी वाटावं लागतं, ते माझं केव्हाच थांबलं.

खोक्यातून मी बाहेर आलो तो वाळूजच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. साल चौऱ्याण्णव, जानेवारी. शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या, ऑफिसात बोलणं त्याचंच, तेही हळू आवाजात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळलं, की आधी प्रत्येक टेबलाला आपापला टाइपरायटर होता आणि आता चार कॉम्प्युटरांत मिळून मी एकटा.

जोडणी करायला श्रीधर नावाचा इंजिनिअर आला होता. सकाळपासून तो टेबलाखाली वायरींत शिरलेला. त्यानं बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत कुणी छापू नका." पण हेडक्लार्क व्यंकटराव घाईत होते. बिरू नावाचा मजूर सहा वर्षं टेम्पररी म्हणून राबत होता. त्याला कायम करा, अशी शिफारस त्याच दिवशी पुण्याच्या मुख्य ऑफिसला जायला हवी होती. व्यंकटरावांनी पत्र लिहिलं आणि बटण दाबून मोकळे झाले. मी अजून जोडलेलोच नव्हतो, म्हणून ते पत्र कॉम्प्युटरात रांगेत थांबलं.

दुपारी वायर जुळली आणि तेच पत्र आधी बाहेर पडलं. श्रीधर अजून टेबलाखालीच. टायपिस्ट भानुमतीबाई हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या. "पहिला कागद देवाचा," त्या म्हणाल्या. न वाचताच त्यांनी त्याला कुंकू लावलं, घडी घातली आणि गणपतीच्या तसबिरीमागं सरकवला. पाठोपाठ श्रीधरचा चाचणीचा कागद निघाला. पेढे वाटले गेले.

टाइप झालेला कागद मॅनेजरसाहेबांकडं सहीला न्यायचा आणि मग टपालात टाकायचा, हे शिपाई कडुबाचं काम. वर्षानुवर्षं तसंच चालायचं. व्यंकटराव धरून चालले, की त्यानं पत्र नेलं असणार. कडुबाला तर पत्राचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी बिरू दारात आला. मजुरांना उंबऱ्याच्या आत येता येत नसे. "साहेब, माझा कागद गेला का?"

"गेला रे. आता निश्चिंत राहा."

"लई उपकार झाले. घरी बायकोला सांगतो."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. कागद कुठं आहे ते मला ठाऊक होतं, पण मला फक्त छापता येतं.

महिन्याभरानं पुण्याहून यादी आली. तिच्यात बिरूचं नाव नव्हतं. यादीबाहेरच्या टेम्पररी लोकांना कमी करायचं ठरलं. बिरूला कामावरून कमी केल्याचं पत्रही मीच छापलं, अक्षर न् अक्षर स्वच्छ. त्यानं त्यावर सही केली.

"पन माझा कागद गेला व्हता ना, साहेब?"

व्यंकटराव फाईल चाळत राहिले. बिरू निघून गेला.

पुढं अकरा वर्षं मी राबलो. एकदाही अडला नाही, असं माझं कौतुक व्हायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. मग नवा प्रिंटर आला आणि मला जिन्याखाली ठेवलं. तिथून इथं.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसावी, शाई वेळेवर बदलावी, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगतो. सगळ्यांत मिळून एकच यंत्र असलं, तर निघालेला कागद उचलण्याआधी त्यावरचं नाव वाचा. त्या नावाचा माणूस दारात उभा असतो, आणि त्याला आत यायची परवानगी नसते.